वरच्या वर्गाचं ऐकू येणं

माझी भाची आणि तिचा नवरा पुण्याहून गोव्यात परत आलेत आणि त्यांना शाळा काढायची आहे. साधी नाही, असामान्य बुद्धीच्या मुलांची. सरकारी अनुदान घ्यायचं नाही, बाहेरची मॅनेजमेंट नको, वर्गात मोजकी मुलं आणि तीही चाचणी घेऊन निवडलेली. जागाही ठरली आहे. फोंडा तालुक्यातलं आमच्या माहेरचं जुनं घर, मधोमध राजांगण आणि चारी बाजूंना खोल्या. मला सल्ला विचारला गेला, कारण मी जन्मभर सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. त्या घरात माझाही थोडा वाटा आहे, हे दुसरं कारण कुणी बोलून दाखवलं नाही.

बातमी वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "म्हणजे आमची नातवंडं ढ?" प्रश्न खवचट असला तरी खोटा नाही. पण मला त्याची दुसरी बाजूही दिसते. पेडण्यातला एखादा पोरगा फुटबॉल चांगला खेळायला लागला की त्याला प्रशिक्षणाला पाठवतात, गळा बरा असला की गाण्याच्या मास्तरांकडे धाडतात, आणि तेव्हा उरलेली मुलं लंगडी की बेसूर असं कुणी विचारत नाही. गणिताचं किंवा भाषेचं डोकं असलेल्या मुलाविषयी बोलायला लागलं की मात्र आपल्याला एकदम समता आठवते.

असं मूल वर्गात काय करतं? बहुतेक वेळ वाट बघतं. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्याला कळलेलं असतं, आणि बाईंना तेच अजून चार वेळा सांगायचं असतं. लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या अशा मुलांबरोबर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं होतं, की 140 बुद्ध्यंकाच्या मुलाचा साध्या शाळेत अर्धा वेळ फुकट जातो, आणि 170 च्या वरच्याचा जवळजवळ सगळाच. आमच्याकडे प्रगतिपुस्तकावर याची नोंद वेगळ्या शब्दांत होते. 'मस्ती करतो.' 'मध्ये मध्ये बोलते.' 'अक्षर सुधारावे.' मीही हे शेरे लिहिलेत, आणि त्यातले बरेचसे खरेही होते. मुलगा हुशार आहे म्हणून त्यानं शेजाऱ्याच्या डब्यात खडू टाकावा असं कुठं आहे?

पुण्यात राहून आलेल्या माणसाला ज्ञान प्रबोधिनी माहीत नसणं कठीण. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ती संस्था सुरू केली आणि 1969 साली निवडक बुद्धिमान मुलांची प्रशाला. पाचवीला चाचणी घेऊन प्रवेश. मला त्यातलं आवडतं ते हे, की बुद्धी ही तुझी एकट्याची मालमत्ता नाही, समाजाचं काही देणं लागते, हे तिथं पहिल्यापासून मुलाच्या कानावर घातलं जातं. विद्याव्रतासारखा संस्कार करून अंगावरही घातलं जातं. भाचीच्या डोक्यात तसलंच काहीतरी आहे, फक्त गोव्याच्या मापाचं. इतकं छोटं राज्य, इतकी कमी मुलं. त्यातून अशी निवडून वर्ग भरेल का, ही शंका मी बोलून दाखवली. भाचेजावई म्हणाले, "मावशी, तुम्ही फक्त चाचणी कशी घ्यायची ते सांगा."

चाचणीची गोष्ट निघाली की मला आल्फ्रेड बिनेची दया येते. 1905 साली पॅरिसमध्ये त्यानं आणि थिओडोर सिमोननं जी चाचणी तयार केली ती हुशार मुलं वेचायला नव्हतीच. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत द्यावी यासाठी होती. बुद्धी म्हणजे जन्माला येताना ठरून आलेला, न बदलणारा आकडा आहे, या समजुतीवर त्यानं स्वतः 1909 सालच्या पुस्तकात कडाडून टीका केली. तो 1911 साली वारला. पुढं स्टॅनफर्डच्या लुईस टर्मननं 1916 साली त्याच चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली, आणि 1921 पासून कॅलिफोर्नियातली दीड हजार अतिबुद्धिमान मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. मुलं बहुतेक चांगली निघाली. प्राध्यापक झाली, वकील झाली. पण नोबेल त्यांतल्या एकालाही मिळालं नाही. ते मिळालं विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना, ज्यांना लहानपणी त्याच चाचणीत कमी गुण पडले म्हणून टर्मनच्या यादीत घेतलंच नव्हतं. हा किस्सा मी जेवताना सांगितला तेव्हा भाची हसली आणि म्हणाली, "मावशी, तुला शाळा नकोच आहे."

तसं नाही. मला काय हवंय ते सांगायला मला एका मुलीपाशी जावं लागेल.

सत्तरी तालुक्यात माझी शाळा होती. एक खोली, दोन फळे, चार इयत्ता आणि एक बाई. एकशिक्षकी शाळा ज्यांनी चालवली नाही त्यांना हे चालतं कसं ते कळणार नाही. पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची, दुसरीला धडा मनात वाचायला सांगायचा, तिसरीला फळ्यावर गणितं घालायची आणि मग चौथीकडे तोंड करायचं. थोड्या वेळानं चौथीला काम लावून पहिलीकडे. म्हणजे कुठल्याही क्षणी एका वर्गाला शिकवणं चालू, आणि उरलेले तीन वर्ग आपापलं काम करत असल्याचं सोंग घेऊन ऐकतायत. खोलीला पडदा नाही. आवाज अडवायचा कसा?

ती मुलगी दुसरीत होती. घरी कन्नड, बाप चिरेखाणीवर. शाळेत आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. वाड्यावरच्या पोरांबरोबर खेळून आधी कोंकणी आली आणि कोंकणीच्या वाटेनं मराठी. चौथीला मी पाव, अर्धा, पाऊण शिकवत होते. तोंडी हिशोब चालले होते. साडेतीनातून पावणेदोन गेले तर किती उरले, असं विचारलं आणि चौथीची तीन मुलं छताकडे बघायला लागली. तेवढ्यात दुसरीतून, पाटीवरून मान वर न करता, आवाज आला, "पावणेदोन. अर्दें जालें न्हय बाई?"

मी थांबले ती उत्तर बरोबर होतं म्हणून नव्हे. जे गेलं तेच उरलं, म्हणजे गेलं ते निम्मं होतं, हे तिनं आपणहून बघितलं होतं. आणि अपूर्णांक तिला कुणी शिकवलेच नव्हते. जूनपासून ते तिच्या कानावर पडत होते, इतकंच. दुसरीचा धडा तिचा कधीच वाचून झालेला असे. उरलेल्या वेळात ती चौथीत बसत होती, जागेवरून न उठता.

त्यानंतर मी तिच्याकडे लक्ष ठेवायला लागले. तिसरीची उदाहरणं ती चोरून सोडवी आणि पुसून टाकी. चौथीचा इतिहास तिला अजिबात आवडत नसे. तो चालू असताना ती खरोखरच अक्षर गिरवी. म्हणजे वरच्या वर्गातलं सगळंच घेतलं असंही नाही. आपल्याला पेलेल आणि तरी जड जाईल असं तेवढं तिनं उचललं. कुठल्या अधिकाऱ्यानं हा अभ्यासक्रम आखला असता?

नंतर कळलं, की अमेरिकेत याच गोष्टीवर मोठा अभ्यास झालेला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 साली गणितात पुढं असलेल्या मुलांचा प्रकल्प सुरू केला. त्यांची युक्ती साधी होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच इयत्तेची परीक्षा दिली तर हुशार मुलं सगळी वरच्या टोकाला गर्दी करतात, कोण किती पुढं आहे ते दिसत नाही. म्हणून स्टॅनली त्यांना कॉलेजच्या प्रवेशाची, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेली परीक्षा देत. मग एकाचा आणि दुसऱ्याचा फरक उघडा पडे, आणि त्याप्रमाणे ज्याला जमेल त्याला वरच्या वर्गात बसवलं जाई. मुलाची उंची मोजायची तर दार त्याच्यापेक्षा उंच हवं.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बाई एकशिक्षकी शाळेचे गोडवे गातात. अजिबात नाही. निम्मे दिवस मी शिकवतच नसे. जनगणना, मतदार याद्या, माध्यान्ह आहाराच्या पावभाजीचा हिशोब, भागशिक्षणाधिकाऱ्यांचे कागद. पहिलीतलं एखादं पोर रडायला लागलं की चारही इयत्तांचा अभ्यास बंद. ज्या मुलाला समजायला वेळ लागतो त्याला त्या गोंगाटात काय मिळत असेल, याचा विचार केला की मला बरं वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत, आणि ते योग्यच आहे. अशा शाळा आता पटसंख्येअभावी एकेक करून बंद पडतायत किंवा शेजारच्या शाळेत विलीन होतायत. त्यांच्या नावानं गळा काढायला मी बसलेली नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की त्या मोडक्या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप घडत होती, आणि ती नीटनेटक्या शाळेत घडवून आणणं फार अवघड आहे. वयाप्रमाणे वर्ग, वर्गाप्रमाणे भिंत, आणि भिंतीपलीकडचं काही ऐकू येता कामा नये अशी सगळी रचना.

गोव्याला ही गोष्ट नवी नव्हती. गाण्यात ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. गुरूच्या मागं तानपुरा घेऊन बसलेलं मूल त्याला वीस वर्षांनी जमेल असं गाणं रोज ऐकतं. त्याला स्वतःला सकाळी एकच पलटा घोटायचा असतो, पण कान संध्याकाळच्या बैठकीत असतो. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर लहानपणी नाटक कंपनीत होत्या, पुढं सांगलीला अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली. ते कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात वर येतं. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर तर दोन्ही हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल धरून तोंडानं आणखी तिसरंच म्हणत, असं त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलंय. असल्या माणसाला कुठल्या इयत्तेत बसवणार? देवळाच्या चौकात, थोरांचं वाजवणं ऐकू येईल अशा टप्प्यात तो वाढला, हीच त्याची शाळा. या शाळेचा प्रवेशही मोकळा नव्हता, हे विसरून चालणार नाही. देवळांच्या सेवेत असलेल्या कलावंत समाजाच्या घरात जन्मलेल्या मुलींना गाणं मिळालं आणि त्याच्या बदल्यात गावच्या 'सभ्य' शाळेचं दार बंद झालं. ज्यांची बुद्धी गाण्यात नव्हती, त्या घरांतल्या मुलींचं काय झालं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

भाचीशी माझं खरं भांडण इथं आहे. तिच्या चाचणीला कोण येणार? ज्यांच्या आईबापांना आपलं मूल हुशार असल्याची खात्री आहे ते. पणजी, पर्वरी, मडगाव, फोंडा. अबॅकस झालेलं, ऑलिम्पियाड झालेलं. चिरेखाणीवरचा बाप मुलीला घेऊन चाचणीला येणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं तरी त्या दिवसाची मजुरी बुडेल. तेव्हा चाचणी मुलाकडे गेली पाहिजे. भाषेवर बेतलेली तर नकोच. घरात कोंकणी किंवा कन्नड, शाळेत मराठी, बाहेर पाट्यांवर इंग्रजी, अशा मुलाला कुठल्याही एका भाषेत प्रश्न विचारला तरी तुम्ही अर्धं त्याचं भाषांतरच मोजता. आकृत्यांची चाचणी बरी. जॉन रेव्हननं 1938 साली काढलेली, रिकाम्या चौकोनात कुठला तुकडा बसेल ते ओळखायचं, तसली. पण आकृत्यांनी दार उघडतं इतकंच. माझी सूचना अशी, की प्रत्येक गावच्या शाळेत जाऊन दोन दिवस मागच्या बाकावर बसावं, आणि चौथीला प्रश्न विचारला की दुसरीत कुणाची मान वर होते ते बघावं. भाची म्हणते हे मोजता येत नाही. येत नाही, खरंय.

नवोदय विद्यालयांनी यातलं थोडं साधलंय हे मान्य करायला हवं. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून ती आली, सहावीला परीक्षा, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण फुकट. गोव्यातही दोन आहेत, उत्तरेला वाळपईत आणि दक्षिणेला काणकोणात. माझ्या शाळेतून कधीमधी कुणी तिथं गेलं. पण सहावीपर्यंत वाट बघणं म्हणजे वाट बघण्याची सवय पक्की होईपर्यंत थांबणं.

शिकवायचं काय, यावर मात्र आमचं एकमत आहे, आणि याचं श्रेय पुन्हा हॉलिंगवर्थबाईंना. 1936 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या स्पेयर शाळेत अशा मुलांचे वर्ग सुरू केले. त्याच इमारतीत सावकाश शिकणाऱ्या मुलांचेही वर्ग होते, हे मला विशेष वाटतं. हुशार मुलांना त्यांनी पुढच्या इयत्तेची पुस्तकं भराभर संपवायला दिली नाहीत. रोजच्या वस्तूंची उत्क्रांती हा विषय दिला: अन्न, कपडे, घर, दिवे, वाहनं कशी घडत आली ते शोधून काढा. मुलं ग्रंथालयं, संग्रहालयं पालथी घालत.

आमच्याकडे याला खाजन शेतीपेक्षा चांगला विषय मिळणार नाही. खाडीकाठची, भरतीच्या पातळीच्या खाली असलेली जमीन. ती मातीच्या बांधांनी अडवलेली आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतं. वीज नाही, मोटर नाही. पावसाळ्यात खारेपण सोसणारं कोरगुट भात, नंतर मासळी, काही ठिकाणी मिठागरं. आता दहा वर्षांच्या मुलाला विचारा: अमावास्येला दार किती वेळ मिटलेलं राहील आणि अष्टमीला किती? दारापाशी मिळणाऱ्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, कुणाच्या नावानं होते? बांध कुणी दुरुस्त करायचा? मासळीत जास्त पैसा सुटतो म्हणून कुणी मुद्दाम खारं पाणी आत घेतलं तर भाताचं काय? यात चंद्र आहे, पाण्याचा दाब आहे, कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) आणि कुळांचा इतिहास आहे, कायदा आहे, लबाडी आहे. चौथीतल्या मुलाला यातलं थोडं कळेल, आठवीतल्याला जास्त, आणि बांधावर उभं राहिल्यावर आठवीतला जे बोलेल ते चौथीतला ऐकेल. फोंड्याहून फार लांब जावंही लागणार नाही. बांधावरचा म्हातारा कुळ या मुलांना त्यांच्या सगळ्या शिक्षकांपेक्षा अवघड प्रश्न घालेल, याची मला खात्री आहे.

राहिलं अनुदान. भाचीला ते नको, कारण अनुदानाबरोबर माध्यमाचा वाद येतो. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोंकणीसारख्या प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या शाळांना द्यायचं ठरलं, आणि 2011 साली इंग्रजी शाळांसाठीही ते खुलं झालं. त्यावरून गोव्यात किती घरं दुभंगली ते गोवेकराला सांगायला नको. त्या चिखलात उतरायला नको, तिन्ही भाषांत हवं तसं शिकवू, हा तिचा विचार मला पटतो.

पण विनाअनुदानित म्हटलं की ती लगेच फीचा तक्ता काढते, आणि तिथं मी अडते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या मराठी शाळा बहुतेक स्वतंत्रच होत्या की. त्यांना सरकार पैसे देत नव्हतं. देवळांच्या अग्रशाळांत, कुणाच्या ओसरीवर वर्ग भरत. पणजीची मुष्टिफंड संस्था 1908 साली उभी राहिली ती घराघरांतून गोळा केलेल्या मूठमूठ तांदळावर. बहुतेक घरांत चाचणीला बसणारं कुणी नसणार, तरी त्यांनी मूठ दिली. सगळ्या गावाचा तांदूळ लागला म्हणून शाळा सगळ्या गावाची झाली. वर्षाला लाखभर रुपये भरणारा पालक शाळेकडे ग्राहकासारखा बघतो, आणि ग्राहकाच्या मुलाला जड जाईल असं काही देण्याची शिक्षकाची हिंमत होत नाही. अशा मुलाला तर नेमकं तेच द्यायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही येता कामा नये, आणि ते शेजारच्याला येत असावं.

भाचीनं मला विचारलं, "तुझी ती चिरेखाणीवरची मुलगी पुढं कोण झाली?" ती मडगावात एका बँकेत आहे. लग्न झालंय, मुलगा आहे, घराचं कर्ज आहे. भेटली की आम्ही हप्त्यांविषयी बोलतो. भाचीच्या चेहऱ्यावर जरा निराशा दिसली. तिला वैज्ञानिक हवी होती. मला हे कळत नाही. मूल हुशार निघालं म्हणजे त्यानं जगाला काहीतरी परत करायचा करार केला असं असतं का? आप्पा पेंडसे यांचं देणं मला मान्य आहे, पण देणं आणि वसुली यांत फरक करावा. दुसरीत असताना त्या मुलीचे दिवस कंटाळ्यात गेले नाहीत, हे मला पुरेसं वाटतं.

घराचा नकाशा आर्किटेक्टनं पाठवलाय. राजांगणाच्या चारी बाजूंच्या खोल्यांना काचेची सरकती दारं, आत एसी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून छताला फोम. मी त्यावर पेन्सिलीनं काट मारली. दारं लाकडाची आणि उघडी, पंखे पुरतील, पावसाळ्यात पागोळ्यांचा आवाज होईल तो होऊ दे. राजांगणाच्या एका बाजूला बोललेलं दुसऱ्या बाजूला ऐकू जातं, हे आम्हा भावंडांना चांगलं माहीत आहे. मोठ्यांच्या सगळ्या भानगडी आम्हाला तशाच कळल्या. भाचेजावयांनी काचा रद्द केल्या. गुरुवारी जाऊन गणित शिकवायचं मीही कबूल केलंय, सगळ्या वयाची मुलं एकत्र बसणार असतील तर. फीचं मात्र अजून मिटलेलं नाही. निम्म्या जागा फुकट, असं मी म्हणते. ती पाव म्हणते.